बिनघराच्या माणसाची घरे

अमरावतीत गाडगेनगर हा पत्ता आता इतका सरावाचा झाला आहे, की ऑटोवाल्याला तो सांगताना त्या नावामागचा माणूस क्वचितच कोणाला आठवतो. सदनिकांच्या इमारती, दवाखाने, दुकाने, पोलिस ठाणे, शाळकरी मुलांची वर्दळ, असे कोणत्याही वाढत्या शहरातले असावे तसे हे उपनगर आहे. त्याच्या मधोमध समाधी आहे ती अशा एका माणसाची, ज्याने आयुष्याची शेवटची एक्कावन्न वर्षे स्वतःच्या नावावर एक खोलीदेखील ठेवली नाही. गाडगे महाराजांचे नाव निघाले की डोळ्यांपुढे खराटा येतो, अंगावरच्या चिंध्या येतात, कीर्तनाची रात्र येते. शासनाच्या स्वच्छता अभियानाने तर तो खराटाच त्यांची ओळख करून टाकला. पण या निरक्षर वऱ्हाडी माणसाने पंढरपूरपासून मुंबईपर्यंत जी बांधकामे उभी केली, त्यांचा विचार खराट्याइतका झालेला नाही. रात्री पाठ टेकायला जागा कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर विटा-चुन्याने सोडवत नेला. तो प्रश्न त्यांना पोथीतून मिळाला नव्हता, स्वतःच्या घराच्या मोडतोडीतून मिळाला होता.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या आजच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावचा. जात परटाची. वडील झिंगराजी खाऊन-पिऊन सुखी होते, पण दारूने संसार पोखरला. गुरे गेली, घर गेले आणि अखेर माणूसही गेला. त्या वेळी डेबूजी जेमतेम आठ वर्षांचा असेल. आई सखुबाई त्याला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरीला आली. अकोला जिल्ह्यातल्या काळ्या कसदार जमिनीत डेबूजी वाढला. प्रथम गुरे राखली, मग नांगर धरला. मामा चंद्रभानजीच्या शेतीत तो असा राबला, की पंचक्रोशीत त्याच्या मेहनतीचे नाव झाले.

वऱ्हाडात तो काळ कापसाचा आणि सावकाराचा होता. रेल्वे आल्यापासून कापसाला पैसा मिळू लागला, तसा कागदावर अंगठा उठवून घेणाऱ्यांचाही धंदा वाढला. मामाच्या जमिनीभोवती सावकारी कर्जाचा फास आवळत गेला. अक्षरओळख नसलेल्या माणसाला कागदात काय लिहिले आहे ते जमीन हातची गेल्यावरच कळे. सावकाराची माणसे ताबा घ्यायला आली तेव्हा डेबूजी नांगर सोडून हटला नाही, हा प्रसंग चरित्रकारांनी मोठ्या आवडीने रंगवला आहे. रंग थोडा बाजूला ठेवला तरी एवढे उरते, की तिशी गाठण्यापूर्वी या तरुणाने दोन घरे उद्ध्वस्त होताना पाहिली. एक दारूने बुडाले, दुसरे कर्जाने. पुढे पन्नास वर्षे कीर्तनातून त्यांनी ज्या गोष्टींवर आसूड ओढला, त्यांत या दोन कायम वरच्या जागी राहिल्या.

१८९२ मध्ये कुंताबाईंशी लग्न झाले, मुले झाली. मुलीच्या बारशाला जातीच्या रीतीप्रमाणे दारू आणि सागुती व्हायची. डेबूजीने गोडाधोडाचे जेवण घातले. जातभाई नाराज झाले, तरी त्याने माघार घेतली नाही. एवढ्या संसारात रमलेल्या, कष्टाळू माणसाने १ फेब्रुवारी १९०५ च्या रात्री घर सोडले. मागे म्हातारी आई, बायको आणि लेकरे होती. संतचरित्रांत अशा क्षणाला वैराग्य म्हणतात आणि पुढे जातात. कुंताबाईंच्या बाजूने पाहिले तर त्या शब्दाने फारसे समाधान होत नाही. घरच्यांना कष्ट करूनच पोट भरावे लागले, आणि पुढे नवऱ्याच्या नावावर लाखो रुपये जमू लागले तेव्हाही त्यातला छदाम त्यांच्याकडे आला नाही. या व्यवहारात कठोरपणा होता, हे मान्य करूनच पुढच्या गोष्टीकडे पाहावे लागते.

त्यानंतरची बारा वर्षे भटकंतीची. डोक्यावर किंवा हातात फुटके गाडगे, अंगात ठिगळांचा सदरा, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा. अनोळखी गावात शिरायचे, रस्ते आणि उकिरडे झाडायचे, मग भाकर मागायची आणि मिळेल तिथे निजायचे. या मिळेल तिथेमध्ये काय काय येते ते अंगावर घेतल्याशिवाय कळत नाही. कोणाच्या ओसरीवरून उठवले जाते, देवळाच्या पायरीवर जात विचारली जाते, वेडा समजून कुत्री सोडली जातात. गोठा, पार, झाडाची सावली, नदीकाठचे वाळवंट हा त्यांचा मुक्काम. ज्याला घर आहे त्याने केलेले दान आणि ज्याला दारातून हाकलले आहे त्याने बांधलेली भिंत यांत फरक असतो. गाडगेबाबांच्या बांधकामांत तो पुढे दिसत राहिला.

पहिले काम त्यांनी घराजवळच केले. अमरावती जिल्ह्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन आहे. नावाप्रमाणेच, तिथे स्नान केले की ऋण फिटते अशी लोकांची भावना. पौष महिन्यातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. दापुरीच्या मामाचे ऋण कोणत्याही नदीने फेडले नव्हते, त्यामुळे डेबूजींना या भावनेचे किती अप्रूप असेल याची कल्पना करता येते. त्यांना दिसला तो काठावरचा चिखल. बायाबापड्या घसरत, लेकरे पडत. त्यांनी हातात फावडे घेतले आणि एकट्याने काठ खणायला सुरुवात केली. एक चिंधीवाला राबतो आहे म्हटल्यावर यात्रेकरू थांबले, मग हात लागले, मग पैसा आला आणि घाट उभा राहिला. पुढच्या प्रत्येक बांधकामाची पद्धत हीच राहिली. आधी स्वतः माती उचलायची, मग लोकांनी, आणि पैसा सगळ्यांत शेवटी.

पंढरपूरचा प्रश्न याहून अवघड होता. आषाढी-कार्तिकीला लाखो माणसे येत. सरदारांचे वाडे, मठ, फडांच्या जागा, निरनिराळ्या जातींच्या आणि व्यापाऱ्यांच्या धर्मशाळा होत्या. ज्याची जशी ऐपत आणि जशी जात, तसा त्याचा मुक्काम. अस्पृश्य वारकऱ्याला मात्र चंद्रभागेचे वाळवंट तेवढे मोकळे होते आणि आषाढात नदीला पाणी चढले की तेही राहत नसे. ज्या चोखोबाचे अभंग सारी वारी गात होती त्याची समाधी देवळाच्या महाद्वाराबाहेर पायरीशी होती, आणि त्याच्या जातीची माणसे पाचशे-सहाशे वर्षांनंतरही तिथूनच कळसाला हात जोडून परत फिरत. गाडगेबाबांनी १९१७ ते १९२० च्या दरम्यान पंढरपुरात जी धर्मशाळा उभी केली, तिला चोखामेळ्याचे नाव दिले. देवळाचे दार उघडायला त्यानंतर सत्तावीस वर्षे गेली. त्यासाठी १९४७ मध्ये साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले. छप्पर मात्र त्याच्या कितीतरी आधी मिळाले होते.

मागाहून पंढरपुरात मराठा धर्मशाळा आणि परीट धर्मशाळाही झाल्या. जातिभेदावर रात्र-रात्र बोलणाऱ्या माणसाने जातींच्या नावाने इमारती का बांधाव्यात, हा आक्षेप वाजवी आहे. याचे उत्तर त्या काळच्या व्यवहारात शोधावे लागते. एका छपराखाली सगळ्यांना आणण्याचा हट्ट धरला असता तर ज्यांना जागा हवी होती ते पुन्हा वाळवंटात राहिले असते आणि ज्यांच्याकडून पैसा यायचा त्यांचे हात आखडले असते. बाबांनी समाज जसा होता तसा धरला, आणि आधी भिजणारा माणूस आत घेतला. या तडजोडीने जात सैल झाली की जागच्या जागी राहिली, यावर आजही दोन मते होऊ शकतात.

एकदा हात बसल्यावर कामाला वेग आला. नाशिक, आळंदी, देहू, त्र्यंबकेश्वर अशा यात्रेच्या ठिकाणी एकामागून एक इमारती झाल्या. मूर्तिजापूरला १९२५ च्या सुमारास गोरक्षण संस्था, धर्मशाळा आणि विद्यालय अशी कामे झाली. मूर्तिजापूरची निवड त्यांच्या ओळखीच्या मुलखामुळे झाली असेलच, पण त्या गावाला आणखी महत्त्व होते. मुंबई-नागपूर मुख्य लोहमार्गावरचे ते जंक्शन. यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी अरुंद मार्गाची, वऱ्हाडात शकुंतला म्हणून प्रसिद्ध असलेली आणि आता बंद पडलेली गाडी तिथूनच सुटे. कोर्टाच्या तारखेला निघालेला शेतकरी, बाजाराला आलेला गाडीवान, रात्रीची गाडी चुकलेले बिऱ्हाड अशी माणसे जंक्शनवर रोजच अडकून पडत. त्यांना देवदर्शन नको असे, रात्र काढायला कोरडी जागा हवी असे.

या इमारतींत नजरेत भरण्यासारखे फारसे काही नाही. साध्या खोल्या, लांब पडव्या, स्वयंपाकाला जागा, पाण्याची सोय, आणि या सगळ्याच्या वर स्वच्छता. बाबांनी मंदिरे बांधली नाहीत असे सरसकट म्हटले जाते ते तितकेसे खरे नाही. ऋणमोचनला लक्ष्मीनारायणाचे देऊळ झाले. पण दगडाच्या देवापेक्षा त्याच्यासाठी चालत आलेल्या माणसाची सोय त्यांना अधिक महत्त्वाची वाटे. नवसाची कोंबडी-बकरी कापण्याला त्यांचा कडवा विरोध होता, आणि ते स्वतः देवळाच्या गाभाऱ्यापेक्षा बाहेरच्या रांगेत अधिक रमत. धर्मशाळांच्या जोडीने आंधळ्या-पांगळ्यांसाठी अन्नदानाची सदावर्ते सुरू झाली.

पैसा कीर्तनातून यायचा. या कीर्तनाला ना पोथी होती ना पट्टीतले गाणे. समोरच्या गर्दीला प्रश्न विचारायचे, तिच्याकडून उत्तर काढून घ्यायचे, आणि त्या उत्तरातच तिला पकडायचे, अशी त्यांची रीत. जेवणाचे ताट मोडले तर हातावर भाकर घेऊन खावी, पण पोराला शाळेत घालावे, हा आग्रह ते वऱ्हाडी बोलीत वारंवार धरत. अशा कीर्तनानंतर गरिबाची दमडी आणि श्रीमंताची हुंडी एकाच वहीत चढे. लिहिता-वाचता न येणाऱ्या या माणसाने हिशेबाच्या बाबतीत मात्र कोणाचीही गय केली नाही. इमारत पुरी झाली की तिचा विश्वस्त निधी करायचा, कारभार भल्या माणसांच्या हाती सोपवायचा आणि आपण पुढच्या गावी निघायचे. आपल्या नातलगांना या मालमत्तेत हक्क असता कामा नये, याविषयी ते कमालीचे दक्ष होते. कुंताबाई झोपडीत राहिल्या. स्वतः बाबा ज्या गावी मोठी धर्मशाळा बांधत त्या गावीही बाहेर झाडाखाली किंवा गवताच्या खोपट्यात निजत. सावकाराच्या कागदाने मामाचे घर गेले होते. आता त्याच कागदाचा उपयोग करून त्यांनी आपल्या इमारती आपल्याच रक्ताच्या माणसांपासून सुरक्षित केल्या.

१९२३ मध्ये त्यांचा मुलगा गोविंद गेला. ते त्या वेळी कोकणात कीर्तन करत होते. बातमी पोहोचली तरी कीर्तन थांबले नाही. ऐकणारे हेलावले. त्या रात्री त्यांच्या मनात काय होते ते त्यांनी कोणाला सांगितल्याचे नमूद नाही.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा बाबा सत्तरीला आले होते आणि त्यांच्या धर्मशाळांपुढचा प्रश्न बदलत होता. आतापर्यंत माणूस देवाला निघे म्हणून त्याला मुक्काम लागे. आता तो इस्पितळाला निघू लागला होता. जे. जे. रुग्णालय १८४५ पासूनचे, केईएम १९२६ चे, परळचे टाटा रुग्णालय १९४१ चे. खेड्यातल्या असाध्य दुखण्याला अखेरचा इलाज म्हणून मुंबईचे नाव घेतले जाई. रोग्याला खाट मिळे, पण त्याच्याबरोबर आलेल्या बायकोने, बापाने, पोराने राहायचे कोठे?

मुंबईत त्या वेळी राहायला जागा मिळणे म्हणजे दैवाचा खेळ झाला होता. युद्धकाळात कारखान्यांकडे धावलेली माणसे, त्यात फाळणीनंतर आलेले निर्वासित. आजच्या बृहन्मुंबईच्या हद्दीचा हिशेब धरला तर १९४१ मध्ये सुमारे १८ लाख असलेली वस्ती १९५१ मध्ये ३० लाखांच्या घरात गेली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने आत असलेल्या भाडेकरूला संरक्षण मिळाले, पण बाहेरच्याला दार आणखी जड झाले. पागडी हा शब्द रोजच्या बोलण्यात आला. सरकारने १९४८ च्या कायद्याने गृहनिर्माण मंडळ उभे केले आणि कामगारांसाठी, निर्वासितांसाठी वसाहती बांधायला घेतल्या. त्या गरजेच्याच होत्या. मात्र त्या सगळ्या मुंबईत राहणाऱ्यांसाठी होत्या. दोन महिन्यांसाठी आजारी माणूस घेऊन आलेल्या अकोल्याच्या कुणब्याचे नाव कोणत्याही यादीत बसत नव्हते. तो इस्पितळाच्या भिंतीकडेला पदपथावर तीन दगडांची चूल मांडी आणि पाऊस आला की दुकानाच्या फळीखाली सरके.

पदपथावर निजण्याचा अनुभव असलेल्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागला नाही. १९५४ मध्ये जे. जे. रुग्णालयाजवळ गाडगेबाबांची धर्मशाळा उभी राहिली. पंढरपूरची धर्मशाळा वर्षातल्या चार वाऱ्यांना भरे, ही बाराही महिने भरलेली राहू लागली. यात्रेकरू एका रात्रीसाठी येतो, रोग्याचा नातलग डॉक्टर सांगतील तोवर. तीर्थक्षेत्रातली जुनी कल्पना त्यांनी आधुनिक शहराच्या एका नव्या गरजेला जोडली, आणि ती शहराच्या नियोजनकारांच्या आधी जोडली. त्यांच्या साऱ्या बांधकामांत हे सर्वांत दूरदृष्टीचे म्हणावे लागेल.

त्याच्या थोडे आधी, १९४९ मध्ये, पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. बाबासाहेब तेव्हा केंद्रात कायदामंत्री होते. गाडगेबाबा मुंबईत आजारी असल्याचे कळताच दिल्लीला जाण्याचा बेत बाजूला ठेवून ते त्यांना भेटायला गेले, बरोबर नेलेली घोंगडी एरवी कोणाकडून काही न घेणाऱ्या बाबांनी ठेवून घेतली, अशी आठवण सांगितली जाते. आठवणीतले तपशील थोडे इकडेतिकडे होत असतील, पण इमारतीचे हस्तांतर ठोस होते. यात्रेच्या मुक्कामाची जागा विद्यार्थ्यांच्या कामी यावी, हा त्याचा अर्थ. मूळ दात्यांनी पुण्यासाठी दिलेला पैसा अशा रीतीने शिक्षणाकडे वळवायला धैर्य लागते. एक जण धर्मच सोडण्याच्या वाटेवर होता, दुसरा विठ्ठलाच्या नावाने कीर्तन करत होता. तरी दोघांचा व्यवहार इतका सरळ झाला. त्याच ओढीने बाबांचा कर्मवीर भाऊराव पाटलांशीही स्नेह जुळला होता. रयत शिक्षण संस्थेने १९५४ मध्ये कऱ्हाडला महाविद्यालय काढले, त्याला सद्‌गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. एकदाही शाळेची पायरी न चढलेल्या माणसाचे नाव महाविद्यालयाला, याची तेव्हा अनेकांना मौज वाटली असेल.

१९५२ मध्ये विखुरलेल्या संस्था गाडगे महाराज मिशनच्या छत्राखाली आल्या. त्याच वर्षी प्रबोधनकार ठाकऱ्यांनी लिहिलेले चरित्रही प्रसिद्ध झाले. देवळांच्या धर्मावर तुटून पडणाऱ्या प्रबोधनकारांनी एका कीर्तनकाराचे चरित्र लिहावे, यातच त्या कीर्तनकाराची जात वेगळी होती हे कळते. मिशनच्या इमारतींवर पुढे बाबांच्या शिकवणीची दहा सूत्रे झळकू लागली. भुकेल्याचे अन्न आणि तहानेल्याचे पाणी यांच्याच पंक्तीत त्यांत बेघराच्या आसऱ्यालाही जागा आहे.

१ नोव्हेंबर १९५६ ला वऱ्हाड मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आले. अमरावती आणि मुंबई प्रथमच एका राज्यात आल्या. त्यानंतर आठच दिवसांनी, ८ नोव्हेंबरला, वांद्र्याच्या पोलिस ठाण्यात बाबांचे शेवटचे कीर्तन झाले. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. बाबांची प्रकृती आधीच ढासळली होती. उपचारांसाठी त्यांना अमरावतीकडे आणले जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचा प्राण गेला. घर सोडून निघालेल्या माणसाला मरणही वाटेवरच आले. अमरावतीत त्यांना समाधी दिली गेली, आणि त्या जागेभोवती गाडगेनगर वाढत गेले.

मानसन्मान नंतर रीतसर झाले. १९७७ मध्ये राजदत्तांनी त्यांच्यावर चित्रपट केला, त्यात डॉ. श्रीराम लागू बाबा झाले. १९९८ मध्ये टपाल तिकीट निघाले. राज्याने २००० पासून ग्रामस्वच्छता अभियान त्यांच्या नावाने चालवले आणि २००५ मध्ये अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. खराट्याचा गौरव झाला हे चांगलेच. मात्र जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळांच्या आवारात रात्री फेरी मारली, तर रोग्यांचे नातलग आजही जिन्याखाली सतरंजी टाकून पडलेले दिसतात. अभियानाच्या फलकावर बाबांचे चित्र असते, आणि निजायला जागा नसलेला माणूस त्या फलकाखालीच निजलेला असतो.

मिशनने काम थांबवले नाही. मुंबईत दादरच्या पूर्वेला बाबांच्या नावाची धर्मशाळा झाली, ती मुख्यतः परळच्या टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेणाऱ्यांसाठी. रोगी आणि त्याचे माणूस यांना नाममात्र दरात तिथे राहता येते. उपचार महिनोन्‌महिने चालतात, तेवढे दिवस ती खोलीच त्या कुटुंबाचे घर असते. देशाच्या निरनिराळ्या भागांतून माणसे तिथे येतात आणि वऱ्हाडातून येणारेही त्यांत असतात. अमरावतीहून संध्याकाळी निघालेली मुंबईची गाडी मूर्तिजापूर, अकोला घेत पहाटे दादरला लागते. हातात तपासण्यांचे कागद आणि भाकरीचे गाठोडे असलेली माणसे पूर्वेकडच्या जिन्याने उतरतात आणि धर्मशाळेचा रस्ता विचारू लागतात.